सुट्टी नक्की कुणाची? साताऱ्याच्या डोंगरावरचे परदेशी कुटुंबांचे उन्हाळे

‘पीएच.डी.चा विषय काय?’ असं कुणी विचारलं की मी हल्ली सरळ सांगते: ‘उन्हाळ्याची सुट्टी.’ समोरचा हसतो. मग मी पुढचं वाक्य जोडते: ‘एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध आणि विसाव्याचा पूर्वार्ध, सातारा-सांगली भागातली परदेशी कुटुंबं, आणि त्यांचे एप्रिल ते जूनचे अडीच महिने.’ इथपर्यंत आलं की हसू थांबतं आणि दुसरा प्रश्न येतो: ‘त्यात संशोधन करण्यासारखं काय आहे? महाबळेश्वरला जायचे, मजा करायचे, परत यायचे!’

आजची पोस्ट या प्रश्नाचं उत्तर द्यायला लिहितेय. मजा होती, नाही असं नाही. पण मिशनच्या अहवालांत आणि आठवणींच्या पुस्तकांत हे अडीच महिने वाचत गेलं की वर्षातला सगळ्यात दगदगीचा काळ हाच दिसतो. शाळेचे समारंभ, मित्रमंडळींच्या भेटी, बैठका, सहली, पाहुणे. आणि या सगळ्याच्या तळाशी एक दुखरी गोष्ट आहे. ती म्हणजे आईबाप आणि मुलं यांची ताटातूट.

डोंगरावर जायची सवय लागली कशी?

थोडी पार्श्वभूमी. जनरल पीटर लॉडविक १८२४ मध्ये महाबळेश्वरच्या पठारावर चढून गेले. त्यांच्या नावाचा पॉइंट आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. पुढे मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार केला. महाबळेश्वरचा मुलूख इंग्रजांना मिळाला आणि बदल्यात खंडाळा गाव महाराजांकडे आलं. डोंगरावर जी वस्ती उभी राहिली तिचं नाव पडलं माल्कम पेठ. आजारी गोऱ्या सैनिकांना आणि अधिकाऱ्यांना हवापालट करता यावी, हा मूळ हेतू. पण थोड्याच वर्षांत आजाऱ्यांपेक्षा धडधाकटच जास्त येऊ लागले. पुढे तर मुंबई सरकारच उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्याला हलायला लागलं. गव्हर्नर आले की सेक्रेटरी आले, सेक्रेटरी आले की त्यांच्या बायका आल्या, आणि मग ‘सीझन’ सुरू झाला.

आता इथे भूगोल महत्त्वाचा आहे. महाबळेश्वर साधारण ४,५०० फुटांवर, सह्याद्रीच्या अगदी माथ्यावर. पावसाळ्यात तिथे साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. जून उजाडला की बंगल्यांच्या भिंतींना गवताच्या झडी बांधायच्या आणि खाली उतरायचं. त्यामुळे महाबळेश्वरचा उन्हाळी सीझन मार्चअखेरपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत, आणि मग पाऊस सरल्यावर ऑक्टोबरचा छोटासा. बाकी गाव रिकामं.

पाचगणी तिथून जेमतेम १९ किलोमीटर पूर्वेला. पण घाटमाथ्याच्या आड असल्यामुळे पाऊस महाबळेश्वरच्या सुमारे तिसरा हिस्सा. म्हणजे पाचगणीत बाराही महिने राहता येतं. जॉन चेसन या इंग्रजाने दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांमधल्या जागेवर १८६०च्या दशकात वस्ती वसवली, सिल्व्हर ओकसारखी झाडं लावली. आज पाचगणीचा रस्ता ज्या झाडांमुळे ओळखू येतो ती हीच. सांगायचा मुद्दा असा की महाबळेश्वरला क्लब झाला आणि पाचगणीला शाळा झाल्या, याचं मूळ कारण पाऊस आहे. जे गाव चार महिने झाकून ठेवावं लागतं तिथे वसतिगृह चालवता येत नाही.

मुलं कुठे आहेत?

महाबळेश्वरच्या सीझनबद्दल जुनं लिखाण भरपूर आहे. १८४८ ते १८५३ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड फॉकलंड यांच्या पत्नीने आपल्या रोजनिशीवरून ‘चाऊ-चाऊ’ हे पुस्तक १८५७ मध्ये छापलं. त्यात महाबळेश्वर येतं. सातारा जिल्ह्याचं १८८५चं गॅझेटिअर आहे, त्यात पॉइंट, रस्ते, बंगले, बाजार, सगळ्याची नोंद आहे. हे असं साहित्य वाचताना मला एक गोष्ट खटकत राहिली. घोडे आहेत, कुत्री आहेत, तान्ही बाळं आहेत, आया आहेत, विशीतल्या मुली आहेत. पण सात ते सतरा वयाची मुलं जवळजवळ नाहीत. गेली कुठे?

विलायतेला. इंग्रज अधिकाऱ्यांच्या घरात मूल सहा-सात वर्षांचं झालं की त्याला मायदेशी पाठवायचं, हा जवळपास नियमच होता. हवा मानवत नाही हे एक कारण. दुसरं कारण उघडपणे कमी बोललं जायचं: मूल इथे जास्त राहिलं तर ते इथलंच होईल, आयाची भाषा आईच्या भाषेपेक्षा चांगली बोलेल, ही धास्ती. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण मुंबईचंच आहे. रुडयार्ड किपलिंग १८६५ मध्ये मुंबईत जन्मला. वडील जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे. १८७१ मध्ये, वयाच्या सहाव्या वर्षी त्याला आणि धाकट्या बहिणीला इंग्लंडमध्ये एका अनोळखी कुटुंबाकडे ठेवून आईवडील परत आले. ती वर्षं त्याला जन्मभर विसरता आली नाहीत.

म्हणजे महाबळेश्वरच्या ज्या नाचगाण्यांना आपण नुसती चैन समजतो, तिथे जमलेल्या पुष्कळ बायकांची मुलं सात समुद्रांपलीकडे होती. हे लक्षात ठेवून ती वर्णनं पुन्हा वाचली की वेगळी वाटतात. रोजच्या रोज भेटी, सहली, पत्ते, क्लब, घोडेस्वारी. दिवस रिकामा राहू नये याची ही धडपड होती, असं मला वाटतं.

अमेरिकन मिशनरींची गोष्ट निराळी

माझा खरा अभ्यास मात्र अधिकाऱ्यांचा नाही, मिशनरी कुटुंबांचा आहे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ मध्ये मुंबईला उतरले. १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला ठाणं केलं. मिशनचे ॲलन ग्रेव्ह्ज तब्येतीमुळे महाबळेश्वरला येऊन राहिले आणि १८४३ मध्ये तिथेच वारले. त्यांच्या पत्नी मेरी यांनी या भागात मुलींची शाळा चालवली. १८४९ मध्ये सातारा हे मिशनचं रीतसर ठाणं झालं. दक्षिणेकडे कोल्हापूर, सांगली, मिरज हा पट्टा अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेला. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलचे डॉ. विल्यम वानलेस आपल्याकडे घरोघरी माहीत आहेत. ते मूळचे कॅनडाचे. १८८९ मध्ये ते इकडे आले आणि १८९४ मध्ये हॉस्पिटल उभं राहिलं. सांगली-मिरजेच्या मध्ये वानलेसवाडी त्यांच्याच नावाची.

ही माणसं सरकारी गोऱ्यांसारखी श्रीमंत नव्हती. आणि ती एकटी होती. एका ठाण्यावर एखाददुसरं कुटुंब, आजूबाजूला आपली भाषा बोलणारं कुणी नाही. वर्षातले दहा महिने सांगली, मिरज, वाई, सातारा, आणि मग मे महिन्याचा असह्य उन्हाळा. मिशनच्या मंडळींनाही अनुभवाने कळलं होतं की उन्हाळ्यात खाली राहिलं तर माणसं दगावतात. त्यामुळे डोंगरावर जाणं ही चैन न राहता प्रकृतीच्या खर्चात मोडायला लागलं आणि डोंगरावर मिशनचे बंगले झाले.

मुलांच्या बाबतीत यांची सुरुवातीची कहाणी इंग्रजांसारखीच, किंबहुना जास्त कठीण. अमेरिका लांब. सुएझचा कालवा १८६९ मध्ये सुरू झाला. त्याआधी शिडाच्या जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून जायचं, चार-चार महिने समुद्रावर. नगरचे नामवंत मिशनरी रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचं बालपण पाहा. १८४७ मध्ये मुंबईत जन्म. १८५४ मध्ये वडील प्रकृती ढासळली म्हणून अमेरिकेला निघाले आणि वाटेतच जहाजावर वारले. आईने मुलांना अमेरिकेत वाढवलं. हाच मुलगा १८७४ मध्ये मिशनरी होऊन मराठी मुलखात परत आला. अशी परत येणारी मुलं पुष्कळ आहेत. जिथून लहानपणी उचलून नेलं तिथेच परत यावंसं का वाटलं असेल, हा माझ्या प्रबंधाच्या एका प्रकरणाचा विषय आहे.

शाळा डोंगरावर आली आणि उन्हाळा उलटा झाला

एकोणिसावं शतक संपता संपता चित्र बदलतं. पाचगणीत १८९५ मध्ये सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट सुरू झालं. त्याच सुमारास युरोपियन मुलामुलींसाठीची शाळा निघाली. तिच्यातून पुढे मुलींची किमिन्स आणि मुलांची सेंट पीटर्स या दोन शाळा झाल्या. तिकडे दक्षिणेत अमेरिकन मिशनरींनी १९०१ मध्ये कोडाईकनालला आपल्या मुलांसाठी शाळा काढली. मसुरीचं वुडस्टॉक त्याहून जुनं, १८५४चं, आणि पुढे प्रेस्बिटेरियन मिशनच्या हाती आलेलं. आपल्या भागातल्या अमेरिकन मिशनरींची मुलं या डोंगरी शाळांत जाऊ लागली. आता ताटातूट दहा वर्षांची राहिली नाही, नऊ महिन्यांची झाली.

आणि इथे एक मजेशीर गोष्ट घडते. आपल्याकडे उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे शाळा बंद, दप्तर माळ्यावर आणि मुलं आजोळी. वुडस्टॉक आणि कोडाईकनालचं वेळापत्रक नेमकं उलटं होतं. त्यांची मोठी सुट्टी हिवाळ्यात. कारण उघड आहे. हिवाळ्यात सांगली-मिरज-सातारा सुखाचं असतं, मुलं घरी येऊन राहू शकतात. उन्हाळ्यात खाली भट्टी पेटलेली असते, म्हणून शाळा भर मे महिन्यात चालू. सुट्टी मुलांना नसते, आईवडिलांना असते! त्यामुळे मुलं आईवडिलांकडे यायच्या ऐवजी आईवडील मुलांकडे जायचे. डोंगरावर बंगल्यातल्या दोन खोल्या मिळवायच्या, मुलाला वसतिगृहातून काढून आपल्याजवळ आणायचं, आणि रोज घरून शाळेत पाठवायचं. वर्षभर घंटेवर उठणारं मूल सहा-आठ आठवडे आईच्या हाकेने उठायचं.

शाळेचे सगळे समारंभ याच दिवसांत का, हे आता लक्षात येईल. प्रेक्षक तेव्हाच हजर! नाटक, गाण्याची मैफल, खेळांच्या शर्यती, सगळं मेमध्ये खच्चून भरलेलं. इंग्रजी शाळांना आणखी एक निमित्त होतं. २४ मे हा व्हिक्टोरिया राणीचा वाढदिवस. राणीच्या निधनानंतर तोच दिवस साम्राज्यभरच्या शाळांत ‘एम्पायर डे’ म्हणून साजरा होऊ लागला. झेंडे, कवायत, गाणी. आपल्याकडे हा दिवस बरोबर पावसाच्या तोंडावर, सीझनच्या शेवटी यायचा.

कामाचा उन्हाळा

आता बाईच्या बाजूने हा उन्हाळा पाहू. मिरजेहून किंवा साताऱ्याहून घर हलवायचं म्हणजे नुसत्या बॅगा भरायच्या नसत. भांडी, अंथरुणं, पुस्तकं, औषधं, कधी स्वयंपाकी आणि आयासुद्धा. महाबळेश्वरला जायचं तर रेल्वे आल्यानंतर, म्हणजे १८८०च्या दशकानंतर, वाठार स्टेशनवर उतरायचं. तिथून वाई, पसरणीचा घाट, पाचगणी असं सुमारे ४० मैल टांग्याने. रेल्वेआधी मुंबईची माणसं गलबताने कोकणच्या खाडीत येऊन पुढे पालखीतून घाट चढायची. कोडाईला किंवा मसुरीला जायचं तर आगगाडीत दिवसच्या दिवस. नवरा बहुतेक वेळा दोन-तीन आठवडेच येणार, कारण हॉस्पिटल किंवा शाळा सोडून त्याला जास्त राहता येत नाही. म्हणजे वर्षाचे काही महिने बाई नवऱ्याशिवाय आणि बाकीचे महिने मुलांशिवाय. सगळं कुटुंब एका टेबलाभोवती बसलंय, असे दिवस वर्षात मोजके. त्यातच भेटीगाठी.

भेटीगाठींचे नियमही काटेकोर. इंग्रजांमध्ये नवीन आलेल्याने आधी जुन्या रहिवाशांकडे ‘कॉल’ करायला जायचं, दाराशी टांगलेल्या पेटीत आपलं कार्ड टाकायचं, मग त्यांनी बोलवायचं. मिशनरी मंडळी या बाबतीत जरा मोकळी होती, पण एकाच डोंगरावर राहून पूर्ण सुटका कुणाचीच नव्हती.

तरीही या भेटींचं मोल फार होतं. साताऱ्यातलं काँग्रिगेशनल कुटुंब, मिरजेचं प्रेस्बिटेरियन कुटुंब, पुण्याचे स्कॉटिश, नाशिकचे इंग्रज. एरवी यांच्यात पंथांच्या भिंती आणि शेकडो मैलांचं अंतर. मेमध्ये ते शेजारी-शेजारी राहायचे आणि त्यांची मुलं एकत्र खेळायची. कुणाच्या गावात दुष्काळात काय केलं, कुठल्या शाळेला चांगला मास्तर मिळाला, कुणाला मराठी शिकवायला पंडित हवाय, ही देवाणघेवाण पॉइंटवर फिरताना व्हायची. १९२४ मध्ये उत्तर आणि पश्चिम भारतातली प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळी ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’त एकत्र आली. त्यामागे धर्मशास्त्राच्या चर्चा होत्या, ठरावही होते. पण माझं म्हणणं असं आहे की डोंगरावरच्या या उन्हाळ्यांनी त्याची जमीन आधी नांगरून ठेवली होती. ज्यांच्या मुलांनी एकमेकांच्या घरी गोवर काढला, त्यांना एका पंगतीला बसवणं सोपं जातं.

आणि आपली माणसं?

हे चित्र इथेच थांबवलं तर ते अर्धवट राहील. बंगल्यांचं पाणी कोण भरत होतं? ओझी घेऊन घाट कोण चढत होतं? बागा कुणी केल्या? महाबळेश्वरला तुरुंगातल्या चिनी कैद्यांनी बटाटे आणि भाज्या पिकवायला सुरुवात केली हे गॅझेटिअर सांगतं. वाईचा बाजार उन्हाळ्यात डोंगरावर माल पाठवून फुलायचा. माळी, टांगेवाले, हमाल, धोबी, मधवाले, सगळ्यांचं वर्षाचं गणित या अडीच महिन्यांवर. साहेबाची सुट्टी ही यांची सुगी.

आणि आया. गोऱ्या मुलांच्या आठवणींत आया हटकून येते. तिची गाणी, तिची मराठी, तिच्या कुशीची ऊब. पण साहेबाच्या मुलाला सांभाळायला दोन महिने डोंगरावर गेलेल्या आयाची स्वतःची मुलं त्या काळात कुणाकडे होती? ताटातूट गोऱ्या आईचीही होती आणि आयाचीही. पहिलीची पत्रं जपून ठेवली गेली, दुसरीची लिहिलीच गेली नाहीत. माझ्या विषयातली सगळ्यात मोठी अडचण हीच आहे. तिच्यावर एक उपाय म्हणजे हिशेबाच्या वह्या. भावना पत्रांत सापडतात, पण आयाचं नाव आणि पगार खर्चवहीतच मिळतो.

मराठी ख्रिस्ती कुटुंबांची जागाही नाजूक होती. उपासनेत बरोबरीने, पण डोंगरावरच्या बंगल्यात? तिथे बहुधा शिक्षक, पंडित किंवा नोकर म्हणूनच. एक प्रभू मानणाऱ्यांचे उन्हाळे मात्र दोन होते.

बोट उलटी फिरते

पुढे शाळा गोऱ्यांच्या राहिल्या नाहीत. पाचगणीत पारशी मुलांसाठी बिलिमोरिया निघाली, १९२२ मध्ये हिंदू हायस्कूल, म्हणजे आजचं संजीवन, आणि १९४५ मध्ये बहाई मंडळींचं न्यू इरा. स्वातंत्र्यानंतर तर परदेशी कुटुंब या शब्दाचा अर्थच पालटला. १९५०च्या दशकात सेंट पीटर्समध्ये एक आठ-नऊ वर्षांचा पारशी मुलगा बोटीने येऊन दाखल झाला. कुटुंब मूळचं गुजरातचं, वडील नोकरीला झांझिबारला. नाव फारुख बलसारा. शाळेतच त्याने मित्रांबरोबर ‘हेक्टिक्स’ नावाचं गाण्याचं टोळकं जमवलं. पुढे जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं. शंभर वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून मुलं परदेशात पाठवत होते. आता परदेशातली हिंदी कुटुंबं मुलं सातारा जिल्ह्यात पाठवत होती. कारणं तीच. शिक्षण, शिस्त आणि ‘आपलेपण’ टिकावं ही काळजी. मुलांनी सुट्टीत कुणाकडे जायचं, हा प्रश्नही तोच. फारुख मुंबईला नातेवाइकांकडे जायचा.

म्हणून मी म्हणते की सुट्टी हा इतिहासाचा गंभीर विषय आहे. कुणाला कुणाजवळ, किती दिवस राहता येतं, हे ठरवण्यात हवामान, रेल्वे, पगार, वर्ण आणि साम्राज्य, सगळ्यांचा हात असतो. आज न्यू जर्सीहून किंवा दुबईहून तीन आठवड्यांसाठी साताऱ्याला येणारं मराठी कुटुंब बघा. शाळेची सुट्टी तिकडच्या तारखांनी, लग्नं इकडच्या मुहूर्तांनी, आजी-आजोबा, मावशी, जुने मित्र, सगळं त्या एकवीस दिवसांत कोंबलेलं. दमून परत जातात आणि पुढच्या वर्षाचं तिकीट शोधायला लागतात. सातारच्या डोंगरावरच्या त्या बायांना हा उन्हाळा लगेच ओळखीचा वाटला असता.

पुढच्या पोस्टमध्ये खर्चवह्यांबद्दल लिहिणार आहे: वाठार ते महाबळेश्वर प्रवासाचा हिशेब कसा वाचायचा आणि त्यातून काय काय हाती लागतं. तोवर एक विनंती. वाई, पाचगणी, महाबळेश्वर किंवा मिरज भागात तुमच्या घरात कुणी बंगल्यांवर काम केलं असेल, पणजी आया असेल, आजोबा टांगा चालवत असतील, तर त्यांच्या गोष्टी मोठ्या माणसांना विचारून आत्ताच लिहून ठेवा. मला कळवलंत तर आनंदच आहे, पण नाही कळवलंत तरी लिहून ठेवा. गोऱ्यांच्या उन्हाळ्याचे कागद बोस्टनपासून लंडनपर्यंत नीट जपलेले आहेत. आपल्या उन्हाळ्याचे कागद आपल्यालाच करायचे आहेत.